घरचं मशीन घरातच चालावं: आमची वाटचाल

सांगलीत आमच्या घरात शिलाई मशीन दुरुस्तीचं काम सासऱ्यांपासून चालत आलं आहे. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. अण्णांचं दुकान नव्हतं. सायकलला हत्यारांची पिशवी अडकवून ते हरिपूर, माधवनगर, कवठेपिरान, मिरज असे फिरायचे. मशीन घरातच उघडायचं, तिथंच जोडायचं आणि घरच्या बाईनं टीप मारून बघितल्याशिवाय पैसे घ्यायचे नाहीत, हा त्यांचा शिरस्ता. मी आयटीआयला कटिंग-टेलरिंग शिकून या घरात आले. मला शिवता येत होतं, पण मशीनच्या पोटात काय चालतं ते अण्णांनी दाखवलं.

आमच्याकडे येणारी बहुतेक जुनी मशिनं सिंगर नाहीतर उषा. सिंगरच्या अंगावर कोरलेला नंबर वाय किंवा ई या अक्षरानं सुरू होत असेल, तर ते स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्यातलं. तो कारखाना १९८० मध्ये बंद झाला, पण तिथल्या रेल्वे स्टेशनचं नाव आजही सिंगरच आहे. उषाची सुरुवात १९३० च्या दशकात कोलकात्यात झाली. यातली बरीच मशिनं ‘क्लास १५’ या एकाच घडणीची असल्यामुळे त्यांची सुई, बॉबीन (खालच्या दोऱ्याची रिळ), बॉबीन-केस (ती बसवायची डबी) आजही कोणत्याही पेठेत मिळते. लुधियानात हे सुटे भाग अजून बनतात. “एवढ्या जुन्या मशीनला आता सामान कुठं मिळणार?” असं विचारणाऱ्या गिऱ्हाइकाला आम्ही आधी ही गोष्ट सांगतो. मग निम्मी काळजी तिथंच मिटते.

मशीन जड चालतं किंवा जाम होतं ते झिजल्यामुळे, असा समज असतो. आमचा अनुभव वेगळा आहे. बहुतेक वेळा दोष तेलाचा निघतो. घरात हाताशी खोबरेल असतं, तेच मशीनला घातलं जातं. खोबरेल चोवीस-पंचवीस अंशांखाली थिजतं आणि वर्षानुवर्षं साचलं की त्याचा चिकट राप चढतो. अशा मशीनचं चाक जोर लावून फिरवू नये. आम्ही प्रत्येक तेलाच्या भोकात रॉकेल सोडतो, रात्रभर ठेवतो, सकाळी चाक हलकेच मागंपुढं करतो. काळं पाणी गळायचं थांबेपर्यंत हेच चालतं आणि मग शिलाई मशीनचं पातळ तेल. पुसताना स्पिरिट किंवा सॅनिटायझर अजिबात वापरायचं नाही, कारण सोनेरी नक्षीवरचा जुना लाखेचा थर अल्कोहोलनं विरघळतो आणि नक्षी फडक्यावर येते.

ऑगस्ट २०१९ चा महापूर आला आणि आमच्या कामाचं रूपच बदललं. इर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं. लोकांनी टीव्ही, गाद्या, कागदपत्रं माडीवर नेली. लोखंडी स्टँडचं जड मशीन खालीच राहिलं. पाणी ओसरल्यावर गावभागातून, आसपासच्या गावांतून मशिनं येऊ लागली. शटलमध्ये (खालचा दोरा फिरवणाऱ्या भागात), कापड पुढं सरकवणाऱ्या दात्यांखाली, सगळीकडे बारीक गाळ. तो वाळण्याआधी स्वच्छ पाण्यानं धुवावा लागतो, कारण तसंच चाक फिरवलं तर तो गाळ पॉलिश पेपरसारखा लोखंड खातो. धुवायचं, उन्हात वाळवायचं, रॉकेलमध्ये ठेवायचं, तेल द्यायचं. लाकडी फळ्या फुगून गेल्या होत्या, ड्रॉवर उघडत नव्हते, पण बिडाचे स्टँड घासल्यावर पुन्हा उभे राहिले. मोटारी जळाल्या. पायमशिनं मात्र वीज यायच्या आधीच सुरू झाली. ब्लाउज शिवून घर चालवणाऱ्या बायांसाठी ते किती मोलाचं होतं, ते मी जवळून पाहिलं. त्या दिवसांत आम्ही मजुरी घेतली नाही, फक्त लागलेल्या सामानाचे पैसे घेतले. दुकानासाठी गाळा भाड्यानं घ्यायचा निर्णय त्यानंतर झाला, कारण एवढी मशिनं अंगणात मावत नव्हती.

२०२० मध्ये मास्कच्या निमित्तानं अनेक घरांतली झाकलेली मशिनं उघडली गेली. तेव्हा एक गोष्ट लख्ख कळली. मशीन दुरुस्त झालं तरी ते चालवायला घरात कुणी शिकलेलं नसेल, तर पुन्हा त्यावर चादर पडते. म्हणून आम्ही शिवणवर्ग सुरू केला, पण आपापल्या घरच्या मशीनवर शिकायचा. आधी दोरा न घालता रेघांच्या कागदावर टीप. पायमशीनवर नवख्याचं चाक हमखास उलटं फिरतं आणि दोरा तुटतो. त्यासाठी हातानं चाक आपल्याकडे ओढून मग पावलं लावायची सवय लावतो. कापडाखाली दोऱ्याचं जाळं झालं की सगळे बॉबीन-केसचा स्क्रू पिळतात. खरा घोळ बहुधा वर असतो. दोरा ओवताना मशीनचा कापड दाबणारा पाय वर उचललेला नसेल, तर दोरा टेन्शनच्या, म्हणजे दोऱ्याला ताण देणाऱ्या, चकत्यांमध्ये बसतच नाही.

ही मशिनं फक्त सरळ टीप मारतात. ती उणीव आहे असं मला वाटत नाही. झबलं, दुपटं, परकर, उशीचे अभ्रे, जुन्या इरकलीच्या पिशव्या यांना दुसरं काही लागत नाही. कडा उसवू नयेत म्हणून आधी कापडाची उलटी बाजू आत ठेवून टीप, कडा छाटायच्या, उलटवून पुन्हा टीप घालायची. ही दुहेरी शिलाई धुण्याला वर्षानुवर्षं टिकते. टी-शर्टचं ताणणारं कापड मात्र या मशीनवर शिवू नका, टीप तुटते.

बिडाच्या स्टँडचं टेबल करून द्या, अशी मागणी आम्हाला सतत येते. त्यात पैसा चांगला आहे आणि दुरुस्तीत कमी आहे, हे हिशेब लिहिताना दरवेळी दिसतं. तरीही चालू होऊ शकणारं मशीन आम्ही स्टँडपासून तोडत नाही. भंगारवाल्याकडून वजनावर घेतलेली मशिनंसुद्धा आम्ही जोडूनच विकतो आणि घेणाऱ्याला टीप मारून दाखवायला लावतो. अण्णांचा तो नियम आम्ही मोडलेला नाही. आता अण्णा सायकल चालवत नाहीत. दुकानात बसून टेन्शनच्या स्प्रिंगा तेवढ्या तेच लावतात, त्यांच्या बोटांना तो ताण नेमका कळतो.

मशीन घेऊन येणार असाल तर ड्रॉवरही सोबत आणा. त्यातल्या गंजक्या डबीत दुमड घालायचा पाय, चुण्या घालायचा पाय, लांबट बॉबीन असं काहीबाही असतं. नको असलेलं लोखंड म्हणून ते टाकू नका. लांब बॉबीनचं मशीन असेल तर ती बॉबीन आणि तिचं होडीसारखं शटल बाजारात सहजी मिळत नाही, आणि त्याशिवाय आम्हाला ते मशीन चालू करता येत नाही.