रविवारची हद्द

जर्मनीत रविवारी दुकाने बंद असतात हे इथे येण्यापूर्वी प्रत्येकाने बजावलेले असते, तरीही पहिले काही आठवडे ते अंगवळणी पडत नाही. किराणा, कपडे, पुस्तके, सगळेच बंद असते. सकाळचे काही तास एखादी बेकरी उघडी असते, पेट्रोल पंप आणि रेल्वे स्थानकातली दुकाने चालू असतात, आणि शनिवारी दूध आणायला विसरलेल्या माणसाने रविवारी कोरा चहा प्यावा अशीच अपेक्षा असते. रविवार हा कामातून विश्रांतीचा दिवस असेल असे 1919 च्या वायमार राज्यघटनेत लिहिलेले होते आणि आजच्या जर्मन राज्यघटनेने ते कलम जसेच्या तसे कायम ठेवले आहे, त्यामुळे त्याबद्दल कुरकुर करून काही उपयोग होत नाही. परदेशी शिकणाऱ्या मुलामुलींच्या भटकंतीबद्दल फार काव्यमय लिहिले जाते, पण माझ्या मते त्या भटकंतीचे निम्मे श्रेय या बंद दुकानांना दिले पाहिजे. शनिवारी कपडे धुऊन झाले, आठवड्याची भाजी आणून झाली की रविवारी गावात करण्यासारखे काही उरत नाही, म्हणून माणूस स्टेशनवर जातो.

उरलेले श्रेय तिकिटाचे. भारतीय विद्यार्थ्याला व्हिसासाठी जर्मन बँकेतल्या गोठवलेल्या खात्यात वर्षभराचा खर्च आधीच भरून ठेवावा लागतो, आणि त्यातून महिन्याला 992 युरो हाती येतात. खोलीचे भाडे आणि आरोग्य विमा गेला की जे शिल्लक राहते त्यात विमानाने फ्लोरेन्स गाठण्याची स्वप्ने फारशी टिकत नाहीत. मे 2023 मध्ये जर्मनीने 49 युरोंचे देशभर चालणारे मासिक तिकीट सुरू केले. त्याची किंमत पुढे 58 आणि मग 63 युरो झाली, पण विद्यार्थ्यांना त्याची सवलतीची आवृत्ती सेमिस्टरच्या शुल्कातच मिळते. अट एकच, वेगवान गाड्यांत ते चालत नाही. प्रत्येक लहान स्थानकावर थांबणारी, मागून येणाऱ्या वेगवान गाडीला वाट देण्यासाठी बाजूला उभी राहणारी पॅसेंजर गाडी आणि गावोगावच्या बस, एवढेच विद्यार्थ्याचे वाहन. त्यामुळे सकाळी निघून रात्री परत येता येईल इतकेच त्याचे जग असते. माझे काही मित्र डिसेंबरच्या सुट्टीत रात्रीच्या बसने आठवड्यात चार राजधान्या पाहून येतात आणि त्यांना नंतर आठवतात ती बसस्थानकांची स्वच्छतागृहे. मी त्यांच्यात एकदा सामील झाले होते, त्यामुळे हे ऐकीव नाही.

सुदैवाने मी ज्या गावात ऊर्जा अभियांत्रिकी शिकते ते आखेन जर्मनीच्या अगदी पश्चिम टोकाला, नेदरलँड्स आणि बेल्जियम यांच्या खांद्याला खांदा लावून वसलेले आहे. पश्चिम युरोपाचा मोठा भाग एका छत्राखाली आणणारा सम्राट शार्लमेन याची ही आवडती राजधानी. 814 साली तो इथेच वारला आणि त्याने बांधलेल्या अष्टकोनी प्रार्थनागृहातच त्याला पुरले. ते प्रार्थनागृह ज्या कॅथेड्रलचा भाग आहे त्याचे नाव 1978 साली युनेस्कोने केलेल्या जागतिक वारशाच्या पहिल्याच यादीत आले. हे सगळे मी पहिल्या महिन्यातच पाहून घेतले. माझे खरे रविवार मात्र या गावाच्या हद्दीवर गेले, आणि हद्द हा विषय मला लहानपणापासून परिचयाचा आहे. मी कोल्हापूरची. कागलच्या पुढे दूधगंगेचा पूल ओलांडला की दुकानांच्या पाट्या बदलू लागतात आणि कोगनोळीच्या नाक्यापर्यंत राज्य बदललेले असते. निपाणीच्या मावशीकडे जाताना ही हद्द आम्ही कित्येकदा ओलांडली, आणि सीमाभागात वातावरण तापले की एसटी कोल्हापुरातच कशी थांबते हेही पाहिले. त्यामुळे रेघ म्हटली की तिच्या दोन्ही बाजूंना काय आहे हे पाहण्याची मला खोड आहे.

आखेनहून शहराच्या साध्या बसने नेदरलँड्समधल्या फाल्स या गावात जाता येते. तिथली किराणा दुकाने रविवारी उघडी असतात, त्यामुळे त्या बसमध्ये रिकाम्या पिशव्या घेतलेले जर्मन आजी-आजोबा पर्यटकांपेक्षा जास्त दिसतात. गावामागे एक टेकडी आहे, आणि युरोपातल्या नेदरलँड्सचे ते सर्वोच्च स्थान आहे. उंची सुमारे 322 मीटर. मी तिथून घरी फोन केला तेव्हा बाबांनी शांतपणे सांगितले की कोल्हापुरातले आपले अंगण समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, तेव्हा दमायचे कारण नाही. माथ्यावर तीन देशांच्या सीमा एकत्र येतात आणि लोक तिथल्या दगडाभोवती फेरी मारून दहा सेकंदांत तीन देश केल्याचे समाधान मिळवतात. मीही मारली.

या दगडाशी 1920 पर्यंत चार सीमा मिळत होत्या, आणि त्या चौथ्या तुकड्याची हकिगत मला त्या प्रदेशातल्या सगळ्या किल्ल्यांपेक्षा रंजक वाटते. नेपोलियनच्या पराभवानंतर प्रशिया हे तेव्हाचे बलाढ्य जर्मन राज्य आणि नेदरलँड्स यांनी नकाशा वाटून घेतला, पण जवळच जस्ताची एक मौल्यवान खाण होती आणि ती कोणीच सोडायला तयार नव्हते. शेवटी 1816 साली आखेन इथे झालेल्या करारात असे ठरले की खाण आणि तिच्याभोवतीचा जेमतेम साडेतीन चौरस किलोमीटरचा पाचरीच्या आकाराचा प्रदेश कोणाचाच नाही, कारभार मात्र दोघांचा. पुढे बेल्जियम स्वतंत्र झाला आणि नेदरलँड्सच्या जागी तो भागीदार झाला. तटस्थ मोरेसने हे त्या प्रदेशाचे नाव. 1885 साली खाण संपली, म्हणजे भांडणाचे मूळच संपले, तरी पाचर आणखी पस्तीस वर्षे तशीच राहिली. खाणीतले डॉक्टर विल्हेल्म मोली यांनी आधी या प्रदेशासाठी स्वतंत्र टपाल तिकिटे काढून पाहिली आणि नंतर 1908 साली तिथे एस्पेरांतो या मुद्दाम घडवलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेचे राज्य स्थापण्याचा घाट घातला. पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहाने ही सगळी हौस बेल्जियमच्या पदरात टाकली. आज केल्मिस हे तिथले गाव बेल्जियममध्ये आहे आणि बोलते जर्मन. रविवारी दुपारी तिथे चिटपाखरूही नसते, आणि एखादा रस्ता कोणत्या देशात आहे हे विजेच्या खांबावरून किंवा मोटारींच्या पाट्यांवरून ओळखावे लागते.

विजेवरून आठवले. आखेनहून हेर्लेन आणि मास्ट्रिख्टमार्गे बेल्जियमच्या लिएजपर्यंत एक साधी गाडी जाते. जून 2024 पासून ती लिएजला पोहोचू लागली. त्या प्रवासाचे सीमेपलीकडचे तिकीट वेगळे काढावे लागते, पण माझ्या हिशेबाने ते पैसे वसूल होतात. जर्मन रेल्वेच्या तारांमधून 15,000 व्होल्टची प्रत्यावर्ती वीज वाहते, डच रेल्वेची एकदिश वीज 1,500 व्होल्टची आहे आणि बेल्जियमची 3,000 व्होल्टची, कारण एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकात प्रत्येक देशाने आपापली रेल्वे शेजाऱ्याला न विचारता बांधली. पासपोर्ट न विचारता माणसे हद्द ओलांडू शकतात, गाडीला मात्र प्रत्येक देशात आपली वीज बदलून घ्यावी लागते. हे सगळे पचवणारी गाडी मुद्दाम तशी बनवावी लागते आणि प्रत्येक देशाची सिग्नलव्यवस्थाही तिला समजावी लागते. प्रवाशांना यातले काहीच कळत नाही, ते मोबाइलमध्ये असतात. महावितरणमध्ये पस्तीस वर्षे नोकरी केलेल्या माझ्या वडिलांना मी हे सांगितले तेव्हा त्यांनी, आयफेल टॉवरबद्दल कधी विचारले नव्हते इतके प्रश्न एका फोनमध्ये विचारले.

याच गाडीच्या वाटेवर हेर्त्सोगेनराट लागते. तिथून शेजारच्या डच केर्क्राडपर्यंत गेले की एक रस्ता असा लागतो ज्याच्या मधोमध सीमा आहे: एका फुटपाथवरची घरे जर्मन, समोरची डच. एके काळी मध्ये बुटकी भिंत होती. आता गाड्या सरळ जातात आणि दोन्हीकडची म्हातारी माणसे एकमेकांशी ज्या बोलीत बोलतात ती आखेनच्या जुन्या बोलीची जवळची नातेवाईक आहे. माझी शिकवणीची जर्मन तिथे फारशी चालत नाही.

मास्ट्रिख्टला मात्र इतिहास उघड्यावर आहे. 7 फेब्रुवारी 1992 रोजी इथे झालेल्या करारातून युरोपीय संघ आकाराला आला आणि युरोचा पाया घातला गेला. विद्यार्थी तिथे जातात ते बहुधा तेराव्या शतकातल्या डोमिनिकन चर्चमध्ये थाटलेले पुस्तकांचे दुकान पाहायला. उंच कमानींखाली काळ्या पोलादी मांडणीत पुस्तके रचलेली आहेत. दुकान येण्यापूर्वी काही काळ त्या चर्चमध्ये सायकली ठेवल्या जात असत, आणि डच माणसाच्या दृष्टीने ती काही फार मोठी अवनती नसावी. करार मात्र अमलात आला तो 1 नोव्हेंबर 1993 रोजी. ही तारीख वाचली आणि मी थबकले. आमच्याकडे 1 नोव्हेंबर म्हणजे बेळगावात एका बाजूला राज्योत्सवाचे लाल-पिवळे झेंडे आणि दुसऱ्या बाजूला मराठी माणसांची काळ्या दिनाची फेरी. योगायोगच तो, त्यातून काही सिद्ध होत नाही, पण चर्चमधल्या त्या दुकानात उभी राहून मी निपाणीच्या मावशीला हा मजकूर पाठवला आणि तिने उत्तरादाखल हसरा चेहरा आणि रडका चेहरा असे दोन्ही पाठवले.

हद्दी पुसल्या गेल्या असे म्हणावे, तर तेही पूर्ण खरे नाही. 1985 साली मोझेल नदीवरच्या बोटीत पाच देशांनी शेंगेन करार केला आणि दहा वर्षांनी सीमेवरची तपासणी उठली. पण सप्टेंबर 2024 मध्ये जर्मनीने आपल्या सगळ्या भूसीमांवर तात्पुरती तपासणी पुन्हा सुरू केली. परतीच्या गाडीत कधी कधी पोलीस चढतात. अशा वेळी डबा पाहण्यासारखा असतो. युरोपीय प्रवासी खिशातून ओळखपत्राचे कार्ड काढून न बघता पुढे करतात. भारतीय विद्यार्थी पाठपिशवीतून प्लास्टिकची फाइल काढतो, आणि तीत पासपोर्ट, रहिवासाचे कार्ड, विद्यापीठाचे प्रमाणपत्र, विम्याचा कागद आणि सुरक्षिततेसाठी या सर्वांच्या झेरॉक्स असतात. पोलिसाला यातले बहुधा दोनच कागद हवे असतात, पण आपल्याला सगळे दाखवायचे असतात. व्हिसासाठी मुंबईला खेटे घालून आलेल्या माणसाची ही सवय इतक्या लवकर जात नाही, आणि मला ती लाजिरवाणीही वाटत नाही.

ज्या गोष्टीला कोणी कधीच अडवले नाही ती म्हणजे या भागातला तांदळाचा फ्लान. आखेनच्या बेकरीत तो मिळतो, डच लिम्बुर्खमध्ये मिळतो आणि लिएजजवळच्या व्हेर्व्हिए गावाला तर आपलाच खरा असे वाटते. आटीव तांदळाची खीर पिठाच्या पारीत भरून भट्टीत भाजावी तसा तो लागतो, फक्त वेलदोडा नाही. तीन देशांत मी तो खाल्ला आहे आणि कोणता अधिक चांगला हे सांगायचे झाल्यास, साखरेचा हात बेल्जियममध्ये सैल आहे. लिएजला रविवारी सकाळी म्यूझ नदीकाठी मोठा बाजार भरतो. तिथे उभ्याने फ्लान खावा, कोंबड्यांची खुराडी आणि चीजच्या चाकांमधून वाट काढावी, आणि सांतियागो कालात्राव्हाने बांधलेल्या पोलादी कमानींच्या स्थानकातून परतीची गाडी पकडावी.

उन्हाळ्यात मात्र मी गाडी सोडून सायकल घेते. आखेनहून लक्झेंबर्गच्या उत्तरेपर्यंत जाणारा सुमारे 125 किलोमीटरचा सायकलमार्ग आहे, आणि तो फेनबान या जुन्या लोहमार्गाच्या भरावावरून जातो. पहिल्या महायुद्धानंतर या रुळांची अरुंद पट्टी बेल्जियमला दिली गेली, ती जर्मन भूमीतून जात असूनही. त्यामुळे पट्टीच्या पश्चिमेला राहिलेले जर्मनीचे काही तुकडे मुख्य भूमीपासून तुटले आणि त्यांतले पाच आजही तसेच आहेत. रूळ गेले, आगगाडी गेली, पण पट्टी अजून बेल्जियमची. त्या पाचांपैकी रुकश्लाग नावाचा तुकडा म्हणजे एक घर आणि भोवतालची थोडी जमीन. भारत आणि बांगलादेश यांनी असे 162 तुकडे 2015 साली अदलाबदल करून मिटवले. इथे मात्र कोणाची गैरसोय होत नाही म्हणून कोणी हात लावत नाही, आणि मला हा आळस शहाणपणाचा वाटतो. सायकलवरून जाताना उजवीकडचे गवत जर्मन, पायाखालचा डांबरी रस्ता बेल्जियन, डावीकडच्या गाई पुन्हा जर्मन, अशी मोजणी करत पाच-सहा किलोमीटर सहज संपतात.

पुढच्या जूनमध्ये आई-बाबा येणार आहेत. व्हिसाच्या अर्जासोबत प्रवासाचा कार्यक्रम जोडावा लागतो, तेव्हा तो ठरवायला गेल्या रविवारी आम्ही फोनवर बसलो. आईने पॅरिस, स्वित्झर्लंड आणि ट्यूलिपच्या बागा सांगितल्या. जूनमध्ये ट्यूलिप नसतात हे तिला अजून पटलेले नाही. बाबांनी बराच वेळ ऐकून घेतले आणि मग आपला कागद वाचला. त्यात पहिल्या ओळीवर तीन व्होल्टेजची लिएजची गाडी होती, चालकाच्या केबिनमागचाच डबा मिळावा या सूचनेसह, आणि दुसऱ्या ओळीवर रुकश्लागचे ते घर, कारण त्या घराचा मीटर कोणत्या देशाच्या कंपनीचा आहे हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे आहे.