मल्चिंगचे तुकडे, आळवणीचे औषध आणि मातीतले जिवाणू

टोमॅटोचा प्लॉट संपला की तारा-बांबू काढायचे, ड्रिपच्या नळ्या गुंडाळायच्या आणि बेडवर अंथरलेल्या फाटक्या मल्चिंग पेपरवरूनच (प्लॅस्टिकच्या आच्छादनावरूनच) रोटाव्हेटर फिरवायचा, असे अनेक शिवारांत चालते. ही एक फेरी टाळायलाच हवी. चार फुटी, 25 मायक्रॉनचा, 400 मीटरचा रोल साधारण 11 किलो भरतो. बेड पाच फुटांवर असतील तर एकरी जवळजवळ सात रोल लागतात, म्हणजे 75 किलो पॉलिथिन. त्याचा दहावा हिस्सा मातीत राहिला तरी दर हंगामाला साडेसात किलोची भर पडते, आणि ते कुजत नाही. उन्हाने ठिसूळ होते, तुटते. 5 मिलिमीटरपेक्षा लहान तुकडा झाला की तो मायक्रोप्लॅस्टिक.

प्लॅस्टिक सगळीच औषधे शोषून घेते असे सर्रास लिहिले जाते, ते अर्धेच खरे आहे. पाण्यात जेमतेम विरघळणारी क्लोरपायरिफॉस किंवा लॅम्डा-सायहॅलोथ्रिनसारखी कीटकनाशके पॉलिथिनला घट्ट धरून बसतात. इमिडाक्लोप्रिड पाण्यात बऱ्यापैकी विरघळते, ते फारसे चिकटत नाही. ग्लायफोसेट हे तणनाशक तर प्लॅस्टिक सोडून चिकणमातीच्या कणांवर जाते. मात्र जुना, उन्हात पोळलेला तुकडा नव्यासारखा वागत नाही. त्याच्या पृष्ठभागावर ऑक्सिजन जोडला गेलेला असतो, त्यामुळे एरवी न चिकटणारी काही रसायनेही त्याला धरतात.

जिवाणूंवरचा परिणाम इथून गुंतागुंतीचा होतो. तुकड्याला चिकटलेले औषध सुरुवातीला जिवाणूंच्या वाट्याला कमी येते, म्हणून थोड्या आठवड्यांच्या चाचणीत विषारीपणा कमी झाल्यासारखा दिसू शकतो. पण त्याच कारणाने ते मोडणारे जिवाणूही त्याच्यापर्यंत पोचत नाहीत. औषध जास्त काळ टिकते, हळूहळू सुटत राहते. क्लोरपायरिफॉस मोडल्यावर तयार होणारे टीसीपी हे संयुग स्वतःच जिवाणूंना मारक आहे, म्हणजे मोडण्याचे काम पुढे आणखी मंदावते. त्यात ताम्रयुक्त बुरशीनाशकांचे तांबे तर मोडतच नाही, साठत जाते. नायट्रोसोमोनाससारखे नत्र फिरवणारे जिवाणू अशा माऱ्यापुढे फार नाजूक असतात. तुकड्यांवर जी वस्ती जमते तीही आजूबाजूच्या मातीपेक्षा वेगळीच असते.

म्हणून पेपर काढण्याची पद्धत महत्त्वाची. झाडे बुंध्याशी कापावीत, उपटू नयेत. उपटताना पेपरची छिद्रे फाटतात. हलका ओलावा देऊन वाफसा आल्यावर बेडच्या दोन्ही कडांची माती नांगराच्या फाळाने मोकळी करावी. हे केले नाही तर उन्हातला ठिसूळ भाग नेमका मातीच्या रेषेवर तुटतो आणि गाडलेली कड तशीच राहते. एकाच पेपरवर टोमॅटोनंतर काकडी घ्यायची असेल तर 25 मायक्रॉनवर भागवू नये, जाड पेपर घ्यावा. बांधावर पेटवणे तर नकोच, अर्धवट वितळलेले गोळे पुन्हा मातीत येतात. पेपरखाली क्लोरपायरिफॉसची आळवणी, म्हणजे मुळाशी औषधाचे पाणी ओतणे, टाळलेली बरी. ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी सोडायची असेल तर ती कार्बेन्डाझिमबरोबर एका टाकीत कधीही मिसळू नका, हे बुरशीनाशक आधी तिलाच मारते.

आपल्या मातीत किती प्लॅस्टिक आहे ते घरी अंदाजता येते. 100 ग्रॅम माती रात्रभर साध्या पाण्यात भिजवून ढेकळे फोडा, काळ्या मातीत हे फार गरजेचे. मग लिटरला 360 ग्रॅम मीठ विरघळवून त्यातले अर्धा लिटर घाला, ढवळा, पुन्हा रात्रभर ठेवा. मिठाने चिकणमातीही लवकर बसते. वर तरंगलेले गाळून कणांना तापलेली सुई लावा. काडीकचरा करपतो, पॉलिथिन वितळून आकसते. पीव्हीसी जड असल्याने बुडते, ते यात सापडणार नाही.

एक गोष्ट माती परीक्षण करणाऱ्यांसाठी. पॉलिथिनमध्ये वजनाने सुमारे 86 टक्के कर्ब असतो. नमुना जाळून कर्ब मोजला तर हा कर्बही सेंद्रिय कर्बात धरला जातो आणि अहवाल उगीच चांगला दिसतो. नमुना देण्याआधी दिसणारे तुकडे वेचून काढा.