डचमधले लांबलचक शब्द: आधी फोड, मग जोर

डच मजकुरात हातभर लांबीचा शब्द आला, की मी तो डावीकडून वाचत नाही, आधी शेपूट शोधतो. डच समास आपल्या तत्पुरुषासारखा, उत्तरपदप्रधान असतो. अर्थ शेवटच्या पदात, पण जोर बहुधा पहिल्या पदावर. मराठी माणूस चुकतो तो इथेच. एक तर सगळी अक्षरं सारख्या वजनाने म्हणतो, नाहीतर अर्थ शेवटी आहे म्हणून जोरही तिथेच देतो.

'आर्बेइट्सऑनखस्खिक्टहेइट्सफरझेकरिंग' घ्या. रोमन लिपीत 33 अक्षरं. शेवटी 'फरझेकरिंग', म्हणजे विमा. त्याआधी 'ऑनखस्खिक्टहेइट', असमर्थता. सुरुवातीला 'आर्बेइट', काम. काम करता येईनासं झालं तर मिळणारा विमा. दोन्ही सांध्यांवर एक 'एस' आहे आणि तो डावीकडच्या पदाचा. उजवीकडे ढकलला, तर पुढचं पद ओळखूच येत नाही.

आता उच्चाराचे तुकडे: आर-बेइट्स-ऑन-ख-स्खिक्ट-हेइट्स-फर-झे-क-रिंग, एकूण दहा. मुख्य जोर 'आर'वर. 'फरझेकरिंग' एकटा म्हटला तर जोर 'झे'वर पडतो. समासात तो जोर जागेवरच राहतो, फक्त आवाज खाली येतो. 'ख', 'फर' आणि 'क' यांतला निसटता 'अ' कधीच जोर घेत नाही, म्हणून ते मी आधीच खोडून टाकतो. निम्मं कोडं तिथेच सुटतं.

अपवाद पाठच करावे लागतात. 'स्टाटहाउस' (नगरभवन) मध्ये जोर 'हाउस'वर, 'बर्खमेस्टर' (महापौर) मध्ये 'मे'वर. विशेषण करणारे काही प्रत्ययही जोर आपल्याकडे ओढतात: 'नोटलॉट' (दुर्दैवी विधिलिखित) मध्ये तो 'नोट'वर असतो, पण 'नोटलॉतख' झालं की 'लॉ'वर सरकतो.

ओळीच्या शेवटी शब्द तोडणं हे वेगळं प्रकरण. साध्या शब्दात दोन स्वरांमधलं एकटं व्यंजन पुढच्या ओळीत जातं. समासात मात्र पदांचा सांधा आधी, उच्चार नंतर. 'फोराफंट' (पूर्वसंध्या) बोलताना 'फो-रा-फंट' असा घसरतो, पण लिहिताना 'फोर' आणि 'आफंट' यांच्यामध्येच तुटतो. सांधा चुकला की गंमत होते. 'फाल-काउल' म्हणजे शिकारीचा खड्डा. तोच 'फाल्क-आउल' असा तोडला, तर ससाणा आणि घुबड! 'मासाझ-बेट' म्हणजे मालिशचा पलंग, आणि त्याच स्पेलिंगचा 'मासा-खबेट' झाला, तर सामूहिक प्रार्थना. संगणकाच्या आपोआप तोडण्यावर म्हणूनच माझा विश्वास नाही. तोडायच्या जागा मी 'ख्रून बुक्ये' या अधिकृत शब्दसूचीत पाहतो; जोरासाठी मात्र शब्दकोशच उघडावा लागतो.

आपल्याकडे विद्या आणि आलय एकत्र आले की 'विद्यालय' होतं, स्वर मिसळून जातात. डच तसं होऊ देत नाही. 'झे-एंट' (समुद्री बदक) मध्ये दोन्ही स्वर शाबूत राहतात आणि 1995च्या शुद्धलेखनानुसार मध्ये संयोगचिन्ह येतं. प्रत्ययाचा किंवा उपसर्गाचा सांधा असेल, तर चिन्हाऐवजी स्वरावर दोन टिंबं येतात. शब्द नेमका तिथे तुटला, की ती टिंबं गळतात. 'ओपाट्ये' (लाडाने आजोबा) ह्या शब्दात 'पा'साठी रोमन लिपीतले दोन 'a' लिहितात, पण 'ओपा-ट्ये' असा तोडला, की एकच उरतो.