घड्याळ एकाला, कात्री एकीला

रविवार, रात्री

दोन्ही मुलांना सारखं द्यायचं हा आपला नियम. पैशांना तो लागू पडतो, कपड्यांनाही पडतो, पण आजोबांच्या मनगटी घड्याळाला कसा पडणार? घड्याळ एकच आहे. म्हणून वाटणीच्या फंदात न पडता आज आजी-आजोबांचं सगळं पलंगावर मांडलं आणि दोघांना सरळ विचारलं, यातलं काय हवंय?

मुलाने घड्याळ उचललं. ते अपेक्षितच होतं. मुलीने सोन्याच्या अंगठीकडे बघितलंसुद्धा नाही, तिने आजीची शिवणाची कात्री मागितली. "आजी मला कागद कापायला हीच द्यायची आणि मग रागवायची," म्हणाली. अगदी खरं. कागद कापला की धार जाते म्हणून सासूबाई ती कात्री सगळ्यांपासून लपवून ठेवायच्या आणि नात हट्टाला पेटली की स्वतःच काढून द्यायच्या. ज्या वस्तूच्या गोष्टीत मुलं स्वतः कुठेतरी आहेत, ती त्यांना हवी असते. अंगठीच्या गोष्टीत ती नाहीच. आणि अंगठीची गोष्ट मलाही धड माहीत नाही.

घड्याळ रोज चावी देण्याचं. आकड्यांवर पिवळसर रंग आहे, आजोबांच्या तरुणपणी तो अंधारात चमकायचा म्हणे. आता चमकत नाही. त्या काळात, म्हणजे साधारण 1960च्या दशकापर्यंत, घड्याळांच्या अशा रंगात बऱ्याचदा रेडियम असायचं. चमक गेली म्हणून रेडियम गेलं असं होत नाही. त्याच्या किरणोत्साराने रंगातलं चमकणारं रसायन निकामी होतं. रेडियम मात्र निम्मं व्हायलाच सुमारे 1600 वर्षं लागतात. काच आणि झाकण शाबूत असेल तर धोका कमी, पण घड्याळ उघडून आतला रंग खरवडायचा नाही आणि त्याची धूळ नाकातोंडात जाऊ द्यायची नाही. आमचे चिरंजीव हातात येईल ते उघडून बघणारे, तेव्हा हे घड्याळाबरोबर द्यायच्या चिठ्ठीत पहिल्याच ओळीत लिहिलं. दुरुस्तीला देतानाही आधी सांगायचं, हेही.

चिठ्ठी प्रत्येक वस्तूबरोबर द्यायची असं ठरवलंय. 'आजोबांची प्रेमळ आठवण' असलं काही त्यात नको. आजोबा घड्याळ मुद्दाम दहा मिनिटं पुढे ठेवायचे आणि तरीही सगळीकडे उशिराच पोचायचे, कारण ते पुढे आहे हे त्यांना पक्कं ठाऊक असायचं. हे लिहिलं. यातून आजोबा दिसतात. थोर पुरुषांचं चरित्र लिहायचं नाहीये मला.

अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठातल्या मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवुश या मानसशास्त्रज्ञांनी मुलांसाठी वीस प्रश्न तयार केले होते: आईवडील कसे भेटले, तुझं नाव कसं ठेवलं, चांगल्यावाईट अनुभवांतून आईवडील काय शिकले, असे. ज्यांना जास्त उत्तरं येत होती त्या मुलांचा आत्मविश्वास चांगला दिसला. पण उत्तरं घोकून घेतली की काम झालं असं नाही, हे त्यांनीच स्पष्ट केलंय. त्या गप्पा घरात होत असणं महत्त्वाचं. हे मला पटतं. त्यात वाईट अनुभवांबद्दलही प्रश्न आहे, हे तर फारच आवडलं.

फोटोंचं काम कंटाळवाणं आहे, पण टाळून चालणार नाही. मागे नावं मऊ पेन्सिलीने लिहायची. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. मुलीच्या सोनोग्राफीचा कागद बघितला तर फिका पडलाय. तो थर्मल कागद असतो, उजेडाने आणि उष्णतेने उडतो. लगेच स्कॅन करून घेतला. तीन-साडेतीन वर्षांच्या आधीचं मोठेपणी सहसा कुणालाच आठवत नाही, त्यामुळे तान्हेपणाची ही सगळी चीजवस्तू मुलांच्या दृष्टीने तिऱ्हाइताची. ती त्यांची व्हायची तर सांगणारं माणूस हवं.

आणि आवाज. आजोबांचा आवाज आमच्याकडे कुठेच नाही. माझ्या आईचा मात्र घेता येईल. 'तुझ्या लहानपणाबद्दल सांग' म्हटलं की ती भाषण देते, हे अनुभवाने कळलंय. 'शाळेत तुझ्या शेजारी कोण बसायचं?' असं विचारलं की सुटते, मग थांबवावी लागते.

चिठ्ठ्यांमध्ये 'जपून ठेव' हे शब्द कुठेही येऊ द्यायचे नाहीत. दिलं ते दिलं. घड्याळ हरवेल, कात्री गंजेल. पुढेमागे त्यांना लहान घरात राहावं लागलं आणि यातलं काही नकोसं झालं, तर द्यावं खुशाल कुणाला. आपल्या सासरच्या आणि माहेरच्या पेट्या वागवण्यात मुलांची उमेद जावी असं मला अजिबात वाटत नाही. नवऱ्याला हे पटत नाही. घड्याळ विकायचं नाही एवढं तरी लिही, म्हणतो. मी लिहिणार नाही. त्याला हवं तर त्याने खाली स्वतःच्या अक्षरात लिहावं, तेवढीच मुलाला बापाच्या अक्षराचीही आठवण.

एक पुडकं राहिलंय. आजोबा आणि त्यांच्या भावाचं भांडण झालं तेव्हाची पत्रं. वाचली. दोघेही खूप कडू बोललेत आणि दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. मुलांनी हे कधीतरी वाचावं, पण आत्ता नाही, आणि काकांच्या घरच्यांना न विचारता तर नाहीच. उद्या चुलत जावेला फोन करते.