पडदा थांबवून लिहायला लावणाऱ्या बाई

नववीला मराठी शिकवणाऱ्या आमच्या बाईंनी जे शिकवलं, त्यावर आज माझं पोट चालतं. म्हणून शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत फक्त त्याबद्दलच लिहितो.

शाळांतून चित्रपट दाखवतात तो बहुधा परीक्षा संपल्यावर, पोरांना बसवून ठेवायला. बाईंनी व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' आधी वर्गात मोठ्याने वाचून घेतली, रोज थोडी थोडी. माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर आलेला तरुण मास्तर, पोरंच नसलेली शाळा, पाठीशी उभा राहणारा कारभारी, शेवटी दुष्काळाने उठून गेलेलं गाव. मग प्रयोगशाळेत टीव्ही आणवला आणि अमोल पालेकरांचा १९९५ चा चित्रपट लावला. तोही मास्तर गावात येतो तेवढाच, आवाज बंद करून. "दिसतं ते लिहा. छान वाटलं, वाईट वाटलं, हे नको." मध्येच करंट जायचा, तोवर पाहिलेलं आठवून लिहायचं.

दुसऱ्यांदा आवाजासह दाखवलं आणि विचारलं, "पुस्तकात मास्तर दिसायला कसा आहे?" आम्ही पानं चाळत बसलो. कादंबरी मास्तरच सांगतो, 'मी' म्हणून. गाव आपल्याला त्याच्या डोळ्यांनी दिसतं. पडद्यावर मात्र तो स्वतःच आपल्यासमोर चालत असतो. निवेदक ही काय चीज आहे, ते मला त्या तासाला समजलं. पुढे तोच प्रसंग कारभाऱ्याच्या तोंडून लिहायचा होता, मग शाळेकडे न फिरकलेल्या एखाद्या पोराच्या.

आमच्या वर्गात धनगराचा एक मुलगा होता. निबंध म्हटलं की दोन ओळींत आटपायचा. त्या दिवशी त्याने पान भरलं: तंबाखू निघालेल्या रानात मेंढरं बसवायला गेलेला बाप, रात्री कुत्र्याच्या भुंकण्याने उठलेली आई, नुकतं जन्मलेलं कोकरू घोंगड्याच्या खोळीत घालून चाललेला थोरला भाऊ. शब्द सगळे घरचे, निपाणीकडचे. बाईंनी एकही न बदलता ते वर्गापुढे वाचलं. पाठ्यपुस्तकात येतं तसं आपल्या घरातलंही लिहिता येतं, हे आम्हा सीमाभागातल्या पोरांना कुणी तरी दाखवून द्यायलाच हवं होतं.

'श्यामची आई'वरही एक तास झाला. 'छडी लागे छम छम' हे गाणं साने गुरुजींच्या पुस्तकात नाही. आचार्य अत्र्यांनी १९५३ च्या चित्रपटात ते का घातलं असेल, यावर वर्गात जोरदार वाद रंगला.

मी आता वार्ताहर आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये वेदगंगा-दूधगंगेचं पाणी गावांत शिरलं, तेव्हा 'भीषण', 'हाहाकार' असे शब्द आपोआप हाताशी येत होते. ते खोडले. माळ्यावर ठेवलेली ज्वारीची पोती, दावं कापून सोडलेली म्हैस, देवळाच्या भिंतीवर राहिलेली गाळाची रेघ, एवढंच लिहिलं. लिहिताना बाईंचा आवाज कानात होता.

आता वर्गात स्मार्ट बोर्ड आहे, चित्रपट बोटावर मिळतो. आजच्या शिक्षकांना हात जोडून सांगणं आहे की अख्खा लावू नका. दहा मिनिटांचा तुकडा दोनदा दाखवा, मध्ये वह्या उघडायला लावा, आणि पुस्तक आधी वाचून घ्या. त्यासाठी 'बनगरवाडी'च्या वर्गभर पुरतील एवढ्या प्रती मी शाळेच्या ग्रंथालयाला देत आहे. त्या कपाटात न ठेवता नववीच्या मुलांना घरी न्यायला द्याव्यात.