अकरावा शिलिंग

१९७१ चा एप्रिल. इंग्लंडमधल्या ससेक्सच्या किनाऱ्यावरचं एक लहान गाव. नाव सांगत नाही, कारण ज्या घराची ही हकिगत आहे ते अजून उभं असेल. सोमवारी सकाळी आठ वाजता रस्त्यातला मुख्य व्हॉल्व्ह बंद झाला आणि त्या गावातला कोळशाचा गॅस संपला. नळांत जो उरला होता, तो कोपऱ्यावर उभ्या केलेल्या लोखंडी नळीच्या तोंडाशी पेटवून जाळून टाकायचा. मग समुद्राखालचा गॅस आत सोडायचा. तोवर घराघरातल्या शेगड्या, चुली आणि गीझर उघडून त्यांची आतडी बदलायची. मी त्या कामावरचा फिटर.

मुंबईत लालबागच्या कारखान्यात कोळशापासून गॅस बनायचा, तोच प्रकार ब्रिटनमध्ये गावोगावी होता. कोळसा बंद भट्टीत तापवायचा, निघालेला वायू धुऊन टाकीत साठवायचा, मागे उरायचे कोक आणि डांबर. या वायूत निम्म्याच्या आसपास हायड्रोजन, बाकीत मिथेन आणि साधारण दहा टक्के कार्बन मोनॉक्साइड. म्हणजे नुसता हुंगला तरी मारणारा. १९६५ मध्ये नॉर्थ सीमध्ये नैसर्गिक गॅस सापडला आणि १९६७ मध्ये तो किनाऱ्यावर पोचला. तोही मिथेनच, पण जवळजवळ निर्भेळ. घनफुटाला सुमारे १,००० ब्रिटिश थर्मल युनिट उष्णता, म्हणजे जुन्याच्या दुप्पट. मात्र त्याची ज्योत चालीला मंद. जुन्या बर्नरवर ती भोकांपासून उचलून निघते आणि विझते. शिवाय एक घनफूट मिथेन पुरता जळायला साडेनऊ घनफूट हवा लागते, जुन्या गॅसला याच्या निम्म्यातच भागायचं. तेव्हा जेट, म्हणजे गॅस सुटतो ते बारीक तोंड, आणखी बारीक हवं, दाब जास्त हवा आणि बर्नरची भोकं वेगळी हवीत. कॅनव्ही बेटावर १९६६ मध्ये याची तालीम झाली. त्यानंतर १९६७ ते १९७७ या दहा वर्षांत सुमारे १ कोटी ३० लाख ग्राहकांच्या घरी हेच केलं गेलं. सिलिंडर सोडून पाइपचा गॅस घेताना आपल्याकडे मिस्त्री शेगडीचं जेट बदलून देतो, त्याचीच ही मोठी आवृत्ती. फरक इतकाच की आपल्याकडे भोक मोठं करावं लागतं, तिथे लहान करायचं होतं.

माझ्या वाट्याला आलं ते बोर्डिंग हाउस. समुद्राकडे तोंड, तीन मजले आणि वर पोटमाळा, भाड्याच्या अकरा खोल्या. पाहणीच्या कागदावर चौदा उपकरणं होती: खोल्यांत ऊब देणाऱ्या अकरा गॅसच्या शेगड्या, स्वयंपाकघरातली चूल, सिंकवरचा पाणी तापवणारा ॲस्कॉट आणि न्हाणीघरातला गीझर. त्या हिशेबाने नव्या भागांची चौदा खोकी घराच्या नावाची चिठ्ठी लावून व्हॅनमध्ये तयार.

अशा घरांचा एक ठरलेला संसार असे. नाश्ता नऊपर्यंत, दहाला पाहुण्यांनी बाहेर पडायचं, पाऊस असो की वारा, संध्याकाळच्या जेवणापर्यंत परत यायचं नाही. आंघोळीची आदल्या दिवशी सूचना द्यायची आणि तिचे पैसे वेगळे. खोलीत स्वयंपाक करायला सक्त मनाई. आणि प्रत्येक खोलीत शेगडीच्या बाजूला मालकीणबाईंचा स्वतःचा नाणं टाकायचा मीटर. शिलिंग सारायचा, कळ फिरवायची, नाणं खाली पेटीत खळ्ळकन पडतं आणि तेवढ्या घनफुटांपुरता गॅस मोकळा होतो. तेवढा संपला की आतली झडप बंद. फेब्रुवारीत दशमान चलन लागू झालं होतं, पण पाच पेन्सचं नाणं शिलिंगाच्याच मापाचं काढल्यामुळे हे मीटर बचावले. जुन्या पेनीवर चालणाऱ्या मीटरांची मात्र पंचाईत झाली.

काम गळतीच्या चाचणीपासून सुरू होतं. मुख्य मीटरचा कॉक बंद करायचा, मीटरजवळच्या चाचणीच्या तोंडाला रबरी नळी लावायची आणि तिचं दुसरं टोक पाण्याच्या गेजला. हे गेज म्हणजे इंग्रजी यू अक्षरासारखी काचेची नळी, मधे शून्य असलेली इंचांची पट्टी आणि अर्धी नळी पाणी. हवा दाबली की एका बाजूचं पाणी चार इंच उतरतं आणि दुसऱ्या बाजूचं चार इंच चढतं. दोन्ही मिळून आठ इंच दाब. पाण्याची कड काचेला चिकटून थोडी वर चढलेली असते, म्हणून वाचायचं ते मधल्या खळग्याच्या तळाशी. नळीत एक बुडबुडा अडकला तरी आकडा खोटा येतो. हवा भरल्यावर एक मिनिट थांबायचं, मग दोन मिनिटं डोळा हलवायचा नाही.

घरातले सगळे कॉक बंद करून मी हवा भरली. आठ इंच. दोन मिनिटांनंतरही आठ इंच. इतकं जुनं घर, शिशाच्या नळ्या, भिंतीत कुठेतरी बत्तीच्या काळातले तुकडे, आणि पाणी केसभरही हललं नाही. कागदावर सही करायला पेन काढलं, तेव्हा लक्षात आलं की मी अर्धंच घर तपासलंय. अकरा खोल्यांतल्या मीटरांत शिल्लक नसेल तर त्यांच्या झडपा बंद असणार आणि झडपेच्या पलीकडचं मला काहीच दिसणार नाही.

मालकीणबाईंकडे अकरा शिलिंग मागितले. त्या म्हणाल्या, "गॅस तुम्ही बंद केलात आणि पैसे मीच टाकायचे?" पेट्यांच्या किल्ल्या तुमच्याच कमरेला आहेत, संध्याकाळी काढून घ्या, असं सांगितल्यावर एक डबा उघडून त्यांनी एकेक नाणं मोजून दिलं. मदतनीस पोरगा खोलीखोलीत जाऊन नाणं टाकी आणि कळ फिरवी, मी खाली गेजपाशी. नवा रिकामा भाग उघडला की पाणी थोडं पडतं, मग पुन्हा हवा भरून आठावर आणायचं. दहा खोल्या झाल्या आणि दहाही वेळा पाणी आठावर टिकलं. अकरावं नाणं पोटमाळ्यावर पडलं आणि पाणी उतरायला लागलं. थबकत नव्हतं, सावकाश एका चालीने उतरत होतं. दोन मिनिटांत सव्वा इंच. बारीक भेगेतून जाणारी गळती अशीच उतरते. कॉक उघडा राहिला असता तर पाणी एकदम पडलं असतं.

पोटमाळ्यावर बाराही महिने राहणारे एक निवृत्त गृहस्थ होते. शेगडीचा कॉक घट्ट बंद. बशीत साबणाचं पाणी केलं आणि ब्रशने सांध्यासांध्यावर लावत गेलो. शेगडीच्या मागे, पाहणीला आलेल्याला वाकल्याशिवाय दिसणार नाही अशा जागी, तीन तोंडांचा पितळी जोड, म्हणजे टी, बसवलेला होता. त्याच्या तिसऱ्या तोंडातून रबरी नळी फरशीच्या कडेने कपाटात गेलेली. टीपाशी रबर तडकलं होतं आणि तिथे साबणाचा फेस फुगत होता. कपाटाच्या तळाशी, बुटांच्या मागे, बिस्किटांच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात एक चक्रीची शेगडी, शेजारी लहान पातेलं आणि अंडं ठेवायची वाटी. गृहस्थ खिडकीतून समुद्राकडे बघत राहिले.

ती शेगडी कागदावर नव्हती, म्हणजे तिच्या नावाचं खोकंही नव्हतं. तशीच राहिली असती तर? जुनं मोठं जेट, तीनऐवजी आठ इंचांचा दाब आणि दुप्पट उष्णतेचा गॅस. ज्योत जवळजवळ तिप्पट उष्णतेची झाली असती आणि तिला पुरेल इतकी हवा बर्नर ओढू शकला नसता. लांब, पिवळी, काजळी धरणारी ज्योत, वर टांगलेले कोट. लोक तेव्हा सर्रास म्हणत, नवा गॅस विषारी नाही. तो अर्धवट जळला तर कार्बन मोनॉक्साइड पुन्हा तयार होतो, हे कुणाच्या गावी नव्हतं.

टी काढला, नळीच्या आट्यांना सूत गुंडाळून पेस्ट लावली आणि पितळी बूच बसवलं. पुन्हा चाचणी, या वेळी अकराही झडपा उघड्या. आठ ते आठ. शेगडीला लाल चिठ्ठी बांधून व्हॅनमध्ये टाकली. मालकीणबाई जिन्यातच होत्या. त्यांचं त्या गृहस्थांशी जे बोलणं झालं त्यात मी पडलो नाही. सकाळचा चहा यापुढे खाली मिळेल, एवढं कानावर आलं.

बाकीचा दिवस नेहमीचा. खोलीतल्या शेगडीच्या मातीच्या जाळ्या क्रमाने उतरवून कागदावर मांडायच्या. त्या भाजून इतक्या ठिसूळ होतात की बोटाच्या दाबानेही कोपरा जातो. जुना बर्नर काढून जेटसकट नवा लावायचा. हवेच्या भोकाशी गालिच्याचे तंतू साचलेले असतात, ते ब्रशने काढायचे, नाहीतर नवा बर्नरही पिवळा जळतो आणि फिटरला वाटतं जेट चुकलं. स्टोव्हला पिन मारायची आपली सवय तिथे महागात पडते. पिन घातली की भोक रुंदावतं, म्हणून अडलेलं जेट फुंकायचं नाहीतर बदलायचं. आणि ती अडायची फार. नवा गॅस कोरडा, त्याने रस्त्याखालच्या जुन्या नळांतली धूळ सुटायची आणि ती आधी पायलटच्या, म्हणजे सतत जळत ठेवायच्या इवल्या ज्योतीच्या, बारीक भोकात येऊन बसायची.

मग धुराची काडी. शेगडी पाचएक मिनिटं तापली की वरच्या कडेशी ही काडी धरायची. धूर आत ओढला गेला पाहिजे. चौथ्या खोलीत तो माझ्या तोंडावर आला. चिमणीत जॅकडॉ पक्ष्यांनी काड्याकाटक्या भरल्या होत्या. ती शेगडी तोडून बूच मारलं. धुराडं साफ झाल्याशिवाय जोडणार नाही, असं लिहून दिलं.

चुलीत खरा वेळ ओव्हन खातो. थर्मोस्टॅटने गॅस कापला तरी ज्योत जिवंत ठेवायला एक आडवाट असते, तिचं भोकही बदलावं लागतं. मोठं राहिलं तर खालच्या आकड्यावरही ओव्हन तापत जातो. फार बारीक झालं तर ज्योत विझते आणि कच्चा गॅस ओव्हनमध्ये भरतो. म्हणून ओव्हन वीस मिनिटं तापवून सर्वात खालच्या आकड्यावर आणायचा आणि दार दोनदा धाडकन उघडून लावायचं. ज्योत टिकली तर काम झालं.

रात्री आठला मालकीणबाई किल्ल्यांचा जुडगा घेऊन शिलिंग काढायला निघाल्या आणि मध्येच थांबल्या. मीटर मोजतो ते घनफूट. गॅस दुप्पट जोराचा झाला, मग पाहुण्याला एका शिलिंगात दुप्पट ऊब मिळणार का? मी म्हटलं, हो. तुमच्या मीटरांतलं दराचं चाक बदलून घेईपर्यंत तसंच चालणार. त्यांनी अकराने गुणाकार केलेला चेहऱ्यावर दिसला.

पोटमाळ्यावरची पेटी त्यांनी शेवटी उघडली. माझा सकाळचा शिलिंग वरच होता. त्याखाली शिलिंगाच्या मापाला कानशीने घासलेल्या तीन पितळी चकत्या. गृहस्थ पुन्हा खिडकीत. बाईंनी चकत्या तळहातावर उलटसुलट करून पाहिल्या आणि माझ्या हातावर ठेवल्या. "तुमच्या व्हॅनमध्ये कुठेतरी उपयोगी पडतील."