बोटावर 98, रक्तात 4.1

एप्रिलमध्ये ऊसतोडीच्या टोळ्या परतू लागल्या की बीड जिल्ह्यातल्या आमच्या ग्रामीण रुग्णालयाची ओपीडी भरून जाते. त्या दिवशी सासू सुनेला धरून घेऊन आली. सातवा महिना, पायांवर सूज, आडवं पडलं की जीव घाबरा. नाडी 128. पापणी खाली ओढली तर आतून पांढरीफटक. तळहाताच्या रेषांतही लाली नाही.

सिस्टरनी बोटाला ऑक्सिमीटर लावला. 98! कोरोनापासून हा आकडा सगळ्यांनाच कळतो.

"मॅडम, ऑक्सिजन तर भरपूर हाय की. मग दम कशाचा लागायलाय?"

सासूचा प्रश्न रास्त होता. म्हटलं, "मावशी, ट्रॉल्या भरूनच चालल्यात, पण ट्रॉल्याच थोड्या आहेत."

त्या ट्रॉल्या म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन. ते आलं 4.1, म्हणजे 100 मिली रक्तात 4.1 ग्रॅम. एक ग्रॅम हिमोग्लोबिन साधारण 1.34 मिली ऑक्सिजन वाहतं. म्हणजे हिच्या 100 मिली रक्तात जेमतेम साडेपाच मिली. निरोगी माणसाचं शरीर नुसतं बसल्या जागीही तेवढ्या रक्तातून 5 मिलीच्या आसपास काढून घेतं. शिल्लक काय राहणार? म्हणून हृदय धावत होतं. असा ॲनिमिया हळूहळू वाढतो तेव्हा तांबड्या पेशींत डीपीजी नावाचं रसायन वाढतं आणि हिमोग्लोबिन पेशींपाशी ऑक्सिजन लवकर सोडतं. त्या जोरावरच ही बाई हंगामभर मोळ्या उचलत राहिली. पोटातल्या बाळाच्या हिमोग्लोबिनला मात्र डीपीजी फारसं चिकटत नाही, त्यामुळे ते आईच्या रक्तातून ऑक्सिजन ओढून घेऊ शकतं.

ओठ निळे नव्हते, याचा दिलासा घरच्यांना वाटत होता, मला नाही. निळेपणा दिसायला 100 मिली रक्तात ऑक्सिजन सोडलेलं हिमोग्लोबिन 5 ग्रॅमच्या आसपास लागतं. हिच्याकडं सगळं मिळूनच 4.1!

मास्क लावला, पाठीशी उशा दिल्या, लघवी होण्याचं इंजेक्शन दिलं आणि 108 बोलावून अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजला पाठवलं. रक्त द्यायचं, पण सावकाश. थकलेल्या हृदयावर एकदम भार पडला तर फुप्फुसात पाणी भरतं. रात्री तिथून फोन आला: पहिली पिशवी नीट चढली, बाळाचे ठोके चांगले.

तिच्या कार्डावर गावातल्या नोंदणीनंतरचे सगळे रकाने कोरे होते. दुसऱ्या दिवशी आशाताईंना बोलावलं आणि परतलेल्या टोळ्यांतल्या प्रत्येक गरोदर बाईची यादी मागितली. आधी हिमोग्लोबिन, मग बाकीचं.